आंब्याची पेटी आणि लवंगेचे तेल

आंब्याचा हंगाम आला की अल मजाजमधल्या मराठी घरांत पेट्यांचे हिशेब सुरू होतात. पेटी जुबैल बाजारातली असो वा गावाहून कुणाबरोबर आलेली, काही आंबे देठाशी काळे पडलेले निघतातच. डझनातले ३ आंबे टाकावे लागले, तर उरलेल्या ९ आंब्यांचा भाव एक तृतीयांशाने वाढतो. हा तोटा नशिबावर ढकलण्यापेक्षा त्याचे कारण समजून घेणे बरे.

करपा बाजारात लागत नाही. फळ झाडावर असतानाच बुरशी सालीत शिरते, कच्च्या फळात निपचित पडून राहते आणि फळ पिकू लागले की काळ्या डागांच्या रूपाने वर येते. देठकुजीची बुरशी देठाकडून आत उतरते. साका मात्र बुरशीने होत नाही. तो गरातला बिघाड असल्याने बुरशीवरचा कोणताही उपाय त्याला लागू पडत नाही.

या कुजीवर रासायनिक बुरशीनाशकांऐवजी वनस्पतींची सुगंधी तेले वापरावीत, असा विचार पुढे आला आहे. त्यात तथ्य आहे. लवंगेतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल आणि गवती चहातील सिट्रल बुरशीच्या पेशींचे आवरण बिघडवतात. प्रयोगशाळेच्या बशीत बुरशीची वाढ त्यामुळे थांबते. पण बशी वेगळी आणि आंबा वेगळा. आंब्यातील बुरशी सालीखाली दडलेली असते. तेल कमी पडले तर ते तिथवर पोहोचत नाही, जास्त झाले तर साल भाजते आणि हापूसला लवंगेचा वास येतो. शिवाय ही तेले उडून जाणारी आहेत, उघड्या टोपलीत ती टिकत नाहीत.

म्हणूनच 'नैसर्गिक तेल लावलेला आंबा' एवढ्या शब्दांवर चढा भाव देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खरा फरक त्याआधीच्या कामांनी पडतो. फळ देठासह उतरवणे, चीक सालीला लागू न देणे, काढणीनंतर लवकरच साधारण ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटे बुडवणे आणि मग थंडाव्यात ठेवणे, ही ती कामे. तेल त्यांच्या जोडीला यावे. द्राक्षांच्या पेटीत गंधकाचा वायू सोडणारा कागद असतो, तसा तेलाची वाफ हळूहळू सोडणारा कागद आंब्याच्या पेटीत स्वस्तात मिळू लागला, तर त्याचे स्वागतच करू. तोवर दुकानदाराला 'आंबा गरम पाण्यातून काढला आहे का?' एवढे अवश्य विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की व्यापारीही बागायतदाराला विचारतो.

घरी मात्र फळांना तेल चोपडू नये. शुद्ध लवंगतेल त्वचेला झोंबते आणि लहान मुलांच्या पोटात गेल्यास धोकादायक ठरते. पेटी आणल्या दिवशीच उघडावी, मऊ किंवा डागी फळे वेगळी काढावीत आणि बाकीची हवेशीर जागी एका थरात मांडावीत. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये, तो थंडीने बिघडतो. पिकल्यावर ठेवण्यास हरकत नाही. बुरशीची लव आलेले किंवा आंबूस वासाचे फळ साखरांब्यातही घालू नये. बुरशीची काही विषे शिजवूनही जात नाहीत. त्या एका आंब्याचे दिरहम वाचवण्यापेक्षा घरातल्यांची प्रकृती सांभाळणे केव्हाही स्वस्त.