डब्यातली काळी पिशवी

हल्ली घराघरांतून कचऱ्याच्या डब्यात काळी प्लास्टिकची पिशवी घालण्याची पद्धत पडली आहे. डबा धुवावा लागत नाही, पिशवीला गाठ मारली की काम संपले. दिवसभर राबून येणाऱ्या आमच्या मायभगिनींना ही सोय वाटते, यात नवल नाही. परंतु गाठ मारल्यावर त्या पिशवीचे पुढे काय होते, याचा विचार आपण सर्वांनी केला पाहिजे.

त्या पिशवीत उरलेला भात, भाजीची देठे, माशांचे काटे, जुने ब्लेड आणि फुटलेली बाटली एकत्रच जाते. हवा न मिळाल्यामुळे ओल्या कचऱ्याचे खत होत नाही. तो सडतो, त्याला पाणी सुटते. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. मग कचरा निवडण्यासाठी कोणाला तरी ती पिशवी हाताने फाडावी लागते. तो हात सफाई कामगाराचा किंवा कचरा वेचणाऱ्या बाईचा असतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. आजही आपल्यातल्या कित्येकांचे आईवडील, भाऊबहिणी याच कामावर आहेत. आपला हात स्वच्छ राहावा म्हणून त्यांच्या हातात काच घुसावी, हे आपल्याला शोभत नाही.

न फाडलेली पिशवी तशीच डंपिंगवर जाते. तेथे दाबून सडणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो आणि तो पेट घेतो. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा टाकला जात आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली. धूर गोवंडी, मानखुर्द, चेंबूरच्या वस्त्यांवर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आगीची कारणे काहीही असोत, जळायला वायू आणि प्लास्टिक आपल्याच घरांतून गेले होते.

मग डबा कसा ठेवावा? २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा देणे प्रत्येक घरावर बंधनकारक केले. त्यासाठी दोन डबे पुरेत. ओल्याच्या तळाशी रद्दीच्या कागदाची दुहेरी घडी घालावी. खरकटे चाळणीत निथळून मगच टाकावे. डबा रिकामा झाला की कपडे धुतलेल्या पाण्याने विसळून उन्हात पालथा घालावा. सुक्या कचऱ्याला पिशवी लागतच नाही. फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून वेगळे द्यावे, आणि आत काय आहे ते उचलणाऱ्याला तोंडाने सांगावे. वापरलेले पॅड आणि डायपरही कागदात गुंडाळून वेगळे ठेवावेत.

डबा धुणे हे घरातल्या बाईचेच काम, असेही कोणी समजू नये. मुलांनी आणि पुरुषांनी पाळी लावून घ्यावी. महिला मंडळांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि आपल्या चाळीपासून सुरुवात करावी, अशी आमची विनंती आहे.