स्टेडियमचे वैभव, कर्जाचा डोंगर

बार्सिलोना - २२ नोव्हेंबर २०२५ रोजी अ‍ॅथलेटिक बिल्बाओचा ४-० असा धुव्वा उडवत बार्सिलोनाचा संघ तब्बल अडीच वर्षांनी आपल्या कॅम्प नोऊ या घरच्या मैदानावर परतला. नूतनीकरण अपूर्ण असल्याने प्रवेश मिळाला तो सुमारे ४५ हजार प्रेक्षकांनाच. काम पूर्ण झाल्यावर तेथे १ लाख ५ हजार प्रेक्षक बसू शकतील. मात्र त्यासाठी क्लबने २०२३ मध्ये गुंतवणूकदारांकडून १४५ कोटी युरो उभे केले. ही रक्कम स्टेडियमच्याच वाढीव उत्पन्नातून फेडायची आहे. भव्य स्टेडियम हे स्पॅनिश फुटबॉलचे बलस्थान आणि जोखीमही का आहे, हे या व्यवहारातून स्पष्ट होते.

या परंपरेचा पाया सांतियागो बर्नाब्यू यांनी घातला. १९४३ मध्ये रेयाल माद्रिदचे अध्यक्ष झालेल्या बर्नाब्यू यांनी यादवी युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशात सभासदांना रोखे विकून नवे स्टेडियम उभारले. १९४७ मध्ये ते खुले झाले. टीव्हीचे हक्क अस्तित्वात नसलेल्या त्या काळात क्लबचे उत्पन्न मुख्यत्वे तिकिटांवर अवलंबून असे. साहजिकच मोठे स्टेडियम म्हणजे मोठे खेळाडू, हे गणित जुळले. १९५३ मध्ये डी स्टेफानो माद्रिदमध्ये आला आणि १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे युरोपियन चषक रेयालकडे राहिला.

बार्सिलोनाने हाच कित्ता गिरवला. पण १९५७ मध्ये कॅम्प नोऊ खुले झाले तेव्हा खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पुढे गेला होता. लेस कोर्त्स या जुन्या मैदानाची जागा विकून ही तूट भरून काढण्याची योजना सरकारी परवानगीअभावी साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रखडली. दरम्यान, १९६१ मध्ये लुईस सुआरेझसारखा अव्वल खेळाडू इंटर मिलानला विकावा लागला. १९६० नंतरचे लीग विजेतेपद मिळण्यास १९७४ साल उजाडले. या अपयशाला अन्य कारणेही होती. तथापि कर्जाचे ओझे त्यात होतेच.

व्हॅलेन्सियाची कथा अधिक दारुण आहे. घरबांधणीच्या तेजीत, २००७ मध्ये क्लबने नव्या मेस्तायाचे काम सुरू केले. येथेही भिस्त होती ती जुन्या मैदानाच्या जागेवर. २००८ मध्ये जमिनीचे भाव कोसळले, २००९ मध्ये काम थांबले आणि काँक्रीटचा सांगाडा सुमारे १६ वर्षे शहराला वाकुल्या दाखवत उभा राहिला. २०२५ च्या जानेवारीत काम पुन्हा सुरू झाले.

आज केवळ सामन्यांच्या तिकिटांवर ही कर्जे फिटणे शक्य नाही. सरकते छत आणि जमिनीखाली साठवता येणारे मैदान, ही नव्या बर्नाब्यूची रचना स्टेडियम वर्षभर कमावते राहावे यासाठीच आहे. २०२३-२४ च्या हंगामात १०० कोटी युरोंचा महसूल ओलांडणारा रेयाल हा जगातील पहिला फुटबॉल क्लब ठरला. परंतु रहिवाशांनी आवाजाविरुद्ध तक्रारी केल्याने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मैफली स्थगित कराव्या लागल्या. भरवस्तीतील स्टेडियम हे शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवरही चालते, हे त्यातून उघड झाले.

प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. १९९० च्या कायद्याने बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनीचे रूप घेणे भाग पाडले. रेयाल, बार्सिलोना, अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब मात्र सभासदांच्याच मालकीचे राहिले. त्यामुळे बार्सिलोनाचे गणित चुकले, तर त्याची झळ कोणा धनाढ्य मालकाला नव्हे, तर सामान्य सभासदाला बसणार आहे. शिवाय कर्ज फेडण्यासाठी महागड्या कक्षांवर आणि पर्यटकांवर भर दिला गेला, तर पिढ्यान्‌पिढ्या येणारा प्रेक्षक मागे रेटला जाण्याची भीती आहे. बिल्बाओने २०१३ मध्ये स्थानिक शासनसंस्थांच्या साह्याने सुमारे ५३ हजार आसनांचे नवे सान मामेस उभारले. शहराच्या गरजेएवढेच स्टेडियम बांधण्याचा हा मार्ग अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

२०३० चा विश्वचषक स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को यांना संयुक्तपणे मिळाल्याने विस्ताराचे वारे पुन्हा वाहू लागले आहेत. मालागाने मात्र २०२५ मध्ये यजमानपद सोडले. बांधकामाच्या काळात संघाला छोट्या मैदानावर पाठवावे लागले असते आणि हजारो हंगामी तिकीटधारकांना बाहेर राहावे लागले असते. काही आठवड्यांच्या सोहळ्यापेक्षा दर आठवड्याला येणारा प्रेक्षक या शहराने महत्त्वाचा मानला. स्पेनमधील इतर शहरांनीही या निर्णयाची दखल घेणे गरजेचे आहे.