लेगोची माणसं किलोवर घेऊ नका

जुन्या लेगोचा डबा दुकानात आला की आपण वजनाचा अंदाज घेतो आणि भाव सांगून मोकळे होतो. विटा घ्या हो किलोवर. पण त्यातली छोटी माणसं आधी बाजूला काढा, तीही विकणाऱ्यासमोर.

मी हे केलं नव्हतं. एका काकूंनी परदेशी गेलेल्या मुलाचा डबा आणला, मी पाचशेला घेतला. रात्री बघतो तर एकाच माणसाची किंमत त्याहून जास्त!

ओळखायचं कसं? मुंडकं काढा, मानेच्या उंचवट्यावर बारीक अक्षरांत ‘लेगो’ दिसतं का बघा. नसेल तर नकलीचा संशय धरा. मग छातीची छपाई, पाय, टोपी बघून ब्रिकलिंकवर नंबर शोधा. घाई नको. २००३ च्या क्लाउड सिटी सेटमधल्या बोबा फेटच्या हातापायांवरही छपाई आहे. साध्या बोबा फेटला तो भाव मिळत नाही. अंगाला बगलेखाली चीर असेल तर किंमत पडते. आणि भाव धरायचा तो गेल्या सहा महिन्यांत माल खरंच ज्याला विकला गेला तो. मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

काही जण म्हणतील, माहिती माझी, मेहनत माझी, मग नफाही माझा. बरोबर, मीही विक्रीच्या अंदाजाच्या निम्मेच देतो. पण ते सांगून.

काकूंना दुसऱ्या दिवशी फोन करून फरक दिला. त्या म्हणाल्या, “अरे, माळ्यावर अजून एक डबा आहे.”