आम्ही इथलेच!

'सवलत' हा शब्द दिसला की मराठी मध्यमवर्गीय माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते सत्यनारायणाच्या प्रसादानंही येत नाही. त्यात ती सवलत 'फक्त स्थानिक रहिवाशांसाठी' असली तर विचारूच नका. मग ती नुसती सवलत राहत नाही, मानपत्र होतं. या मानपत्राविरुद्ध माझी तक्रार आहे आणि ती मी आज रीतसर, तीन प्रतींत, नोंदवणार आहे.

आमचे एक मेव्हणे फ्लॉरिडात ऑरलँडोजवळ राहतात. तिथून मोटारीनं तासाभरात पोर्ट कनॅव्हरल हे बंदर येतं आणि त्या बंदरातून बारा महिने क्रूझ सुटतात. (बोट आणि क्रूझ यांत फरक आहे. बोटीनं माणूस कुठंतरी पोचतो. क्रूझनं तो निघाला तिथंच परत येतो, फक्त दोन किलोनं वाढून.) तिकीट काढताना संगणक आधी चौकशी करतो. राज्य कोणतं? वय 55 च्या पुढं आहे का? सैन्यात होतात का? आमच्याकडे पूर्वी आला होतात का? मुलीचं लग्न ठरवतानाही हल्ली इतकं कोणी विचारत नाही. राज्याच्या रकान्यात 'फ्लॉरिडा' भरलं की काही सफरींचं भाडं एकदम खाली उतरतं. सगळ्या सफरींचं नाही, सगळ्या केबिनींचं नाही, आणि आज उतरलेलं उद्या तसंच असेल याची हमी नाही. बहुतेक ठिकाणी केबिनमधला एक प्रवासी त्या राज्याचा असला की भागतं. मात्र चढताना त्यानं राज्याचा वाहनपरवाना किंवा ओळखपत्र दाखवायला हवं. नाही दाखवलं तर काढा फरकाचे पैसे! बंदराचे आकार, कर आणि नोकरांची रोजची बक्षिसी यांत मात्र फ्लॉरिडाचा माणूस आणि फलटणचा माणूस अगदी सारखे.

असं तिकीट मिळालं की मेव्हण्यांचा फोन येतो. "भावोजी, आम्हांला रेसिडेंट रेट आहे बरं का!" आवाज असा की राष्ट्रपतींनी बोलावून शाल घातली असावी.

आता मी पडलो बी. कॉम. शाल घातली की आम्ही आधी तिची पावती बघतो. पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1920 साली 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथात भावभेदाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतला तिसरा असा, की गिऱ्हाइकांचे गट पाडायचे आणि ज्या गटाला जेवढं पिळता येईल तेवढं पिळायचं. परीक्षेला हे पाच मार्कांना यायचं. आयुष्यात ते रोज येतं, पण मार्क कोणी देत नाही.

क्रूझचं गणित याच प्रकारात बसतं. बोट ठरल्या दिवशी सुटणार. सुटताना जी केबिन रिकामी राहिली तिची किंमत शून्य. ती गोदामात ठेवून पुढच्या आठवड्यात विकता येत नाही. उलट, पडेल भावात कोणी आत येऊन झोपला तर तो चार दिवस बारमध्ये, दुकानात आणि जुगाराच्या टेबलावर चार पैसे टाकणारच. मग ऐन वेळी हाक मारल्यावर धावत येईल असा माणूस कोण? ज्याला विमानाचं तिकीट काढावं लागत नाही, तो. शिकागोच्या गृहस्थानं कित्येक महिने आधी पुरे पैसे भरून जागा धरलेली असते. भाव सगळ्यांनाच उतरवला तर त्याच्यासारख्यांकडून मिळणारं उत्पन्न घटतं. म्हणून शेजाऱ्याच्या कानात हळूच सांगायचं, 'तुम्ही काय, घरचेच!'

पुण्याच्या मंडईत हा व्यवहार रोज चालतो. संध्याकाळी वीसची असलेली मेथीची जुडी रात्री साडेआठला दहाला मिळते, आणि ती शुक्रवार पेठेतल्या माणसालाच मिळते, कारण त्या वेळी चपला सरकवून खाली उतरणारा तोच असतो. पण भाजीवाली कधी 'शुक्रवार पेठेच्या रहिवाशांसाठी खास' अशी पाटी लावते का? ती म्हणते, "घ्या हो काका, उरलीय." इतकी स्वच्छ भाषा मोठमोठ्या कंपन्यांना का येऊ नये?

बरं, आमच्याकडे रहिवासाचा पुरावा मागणारी ही मंडळी स्वतः कुठली रहिवासी? बँकेत बसून बसून मला कागद उलटा करून बघायची सवय लागली आहे. 'आयकॉन ऑफ द सीज' ही अवाढव्य बोट 27 जानेवारी 2024 ला मायामीहून पहिल्या सफरीवर निघाली. तिचं बिऱ्हाड मायामीत. पण तिची नोंदणी बहामाची, गाव नासाऊ. तिची मालक रॉयल कॅरिबियन, कचेरी मायामीत, पण कंपनी नोंदवलेली 1985 साली, आफ्रिकेतल्या लायबेरियात! यात बेकायदा काही नाही आणि ही काही एकट्या त्यांचीच तऱ्हा नाही. फ्लॉरिडाहून सुटणाऱ्या मोठ्या बोटींपैकी बहुतेक सगळ्या बहामा, पनामा, माल्टा अशा ठिकाणच्या. अमेरिकेच्या करकायद्यात 883 नावाचं कलम आहे. त्याच्या अटींत बसणाऱ्या परदेशी कंपनीच्या जहाज-वाहतुकीच्या उत्पन्नाला तिथल्या आयकरातून माफी मिळते. म्हणजे बोट 'बाहेरची' ठरली की मालकाचा फायदा, आणि प्रवासी 'इथला' ठरला की मालकाचाच फायदा. मेव्हणे मधल्यामध्ये शाल सावरत बसले आहेत.

त्या बोटीवर खरोखर राहतं कोण, हेही सांगतो. गोव्याची, मुंबईची कितीतरी मुलं या क्रूझवर कामाला असतात. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचा करार. खालच्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत दोघांचा संसार. सुट्टीवर आली की ती आमच्या काउंटरवर एनआरई खात्यासाठी येतात आणि पासपोर्टावरचे शिक्के बोटानं मोजत बसतात, कारण भारतात किती दिवस राहिलो यावर त्यांचं अनिवासीपण ठरायचं असतं. 182 चा आकडा त्यांना स्वतःच्या वाढदिवसापेक्षा पाठ. आता या मुलाला विचारा, बाबा, तू कुठला रहिवासी? बोटीवर तो नोकर. फ्लॉरिडात तो खलाशाच्या व्हिसावर. भारतात तो अनिवासी. वर्षातले आठ महिने जो बोटीवर राहतो तो रहिवासी कुठलाच नाही, आणि चार रात्री झोपायला येतो तो रहिवासी. त्याची चादर बदलायचं काम पहिल्याकडे!

इथवर वाचून कोणी म्हणेल की, काय हो, स्थानिकांच्या सवलतीच बंद करा म्हणता? नाही! माझं खरं भांडण तिथंच आहे.

हेच मेव्हणे फ्लॉरिडाला जाण्यापूर्वी, ठाण्यात असताना, अंदमानला सहलीला गेले होते. तिथं सरकारी बोटीत बेटावरच्या माणसाला एक भाडं आणि तुम्हां-आम्हांला त्याहून जास्त. बेटवासीयांना त्यासाठी वेगळं ओळखपत्र असतं. हे कळल्यावर मेव्हण्यांनी जेटीवरच पर्यटकांची सभा घेतली. "देश एक, मग भाडी दोन का? हा सरळसरळ अन्याय आहे!" टाळ्या पडल्या. सभेला सगळे आपल्यासारखेच होते, पोटं भरलेले, टोपीवर 'आय लव्ह अंदमान' लिहिलेले.

आता थोडा भूगोल. पोर्ट ब्लेअर, म्हणजे 2024 पासूनचं श्री विजयपुरम, चेन्नईपासून सुमारे 1,200 किलोमीटर. बोटीला अडीच-तीन दिवस लागतात. आणि लिटल अंदमानच्या हट बेवरच्या बाईला मोठ्या इस्पितळात जायचं तर आधी समुद्र ओलांडून पोर्ट ब्लेअर गाठायला हवं. तिच्यासाठी ती बोट म्हणजे आपली एस. टी. तिथं डेकवर नाच नसतो, बुफे नसतो, असते फक्त उलटीची पिशवी. तिला तिकीट स्वस्त मिळतं ते केबिन उरली म्हणून नव्हे. समुद्र मध्ये आला, यात तिचा दोष नाही, म्हणून मिळतं. स्पेननं हेच ओळखलं. कॅनरी आणि बालेअरिक बेटांवरच्या रहिवाशांना मुख्य भूमीच्या विमानभाड्यात 2018 पासून 75 टक्के सूट आहे आणि तो फरक सरकारी तिजोरी भरते. त्या बेटांवर श्रीमंतही राहतात, त्यांनाही सूट मिळते, असं कोणी म्हणेल. मिळू द्या. समुद्र श्रीमंतालाही पूल बांधून देत नाही.

तेव्हा दोन सवलती एकाच नावाखाली खपवू नका. ओळखायची खूण सोपी आहे. सवलत उद्या काढून घेतली तर काय अडेल, एवढं विचारा. फ्लॉरिडाची काढली तर मेव्हणे चार दिवस घरी टीव्ही बघतील आणि मेव्हणी मनातून खूश होईल. हट बेची काढली तर कोणाची तरी तपासणी राहील, कोणाचा तरी मुलगा कॉलेजातून सुट्टीला घरी येणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या दोनच. कंपन्यांनी भाव हवे तितके उतरवावेत, पण पाटीवर 'रहिवासी' लिहू नये, 'उरलीय' लिहावं. आणि आपल्या लोकांनी ती केबिन जरूर घ्यावी, संधी आली तर मीही घेईन. फक्त तिथं मिळालेल्या सवलतीची शाल पांघरून बेटावरच्या माणसाच्या स्वस्त तिकिटावर बोट ठेवू नये. बोट चुकली की ज्याचं काम बुडतं तो रहिवासी. ज्याची नुसती सुट्टी बुडते तो गिऱ्हाईक. आणि गिऱ्हाईक असण्यात कमीपणा कसला? आम्ही बँकवाले तर गिऱ्हाइकाला देव मानतो. निदान भिंतीवरच्या पाटीवर तरी.