जपानचा तांदूळ आणि आमचा कापूस

चार शेतकरी पारावर बसून जपान-अमेरिकेच्या गोष्टी बोलू लागले की वाटेने जाणारा एखादा शहाणा हटकून थांबतो आणि म्हणतो, "पाटील, पह्यले आपल्या पऱ्हाटीतलं तन काढा, मंग जपानचं राज्य चालवजा!" चारचौघे हसतात, बोलणारा ओशाळतो आणि गोष्ट पुन्हा पावसापाण्यावर येते. हसण्यावारी हे ठीक आहे. परंतु ह्या थट्टेच्या पोटात एक जुनी समजूत दडलेली आहे. ती अशी की, परराज्यांचे तह, जकाती व व्यापार ह्या गोष्टी शिकल्यासवरल्या लोकांनी पाहाव्यात. कुणब्याने रुमण्यावरचा हात काढू नये. आम्हांस ही समजूत कबूल नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसवाल्याने जपानची बातमी वाचायची नाही, तर मग ती वाचायची कोणी?

यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापुरास जाणारी लहान रुळांची गाडी आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आहे. पुढे लोक तिला लाडाने शकुंतला म्हणू लागले. ती विलायती कंपनीने आम्हांस पंढरीच्या वारीला नेण्याकरिता घातली नव्हती. ती घातली कापसाच्या गाठी वाहण्याकरिता. मूर्तिजापुरास मोठी गाडी, तेथून मुंबईचे बंदर आणि बंदरातून आगबोट. ही आगबोट विलायतेलाच जात असे असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा. लँकेशायरच्या गिरण्यांस लांब धाग्याचा अमेरिकन कापूस गोड लागे. आमचा आखूड धागा त्यांच्या नाकाखाली येत नसे. जपानी गिरणीवाला मात्र हुशार. तो आमचा स्वस्त कापूस अमेरिकन कापसात बेताने मिसळी आणि त्याचे चांगले सूत काढी. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला जाऊन आले व त्याच वर्षी जपानी आगबोटींची मुंबईशी थेट ये-जा सुरू झाली. तेव्हापासून पुढे चाळीस वर्षांत जपान हे हिंदी कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक झाले. आमच्या आजोबांनी जपानचा नकाशा पाहिला नसेल, पण त्यांच्या वेचणीचा दाम ओसाकाच्या गिरणीत ठरत होता.

१९३३ साली काय घडले ते वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे, कारण तीच गोष्ट आम्ही पुढे पुन्हा पाहणार आहोत. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने आपल्या नाण्याचा सोन्याशी असलेला संबंध तोडला, येनची किंमत घसरली आणि जपानी कापड मुंबईच्या बाजारात मातीमोल दराने येऊ लागले. मुंबईच्या गिरणीवाल्यांनी सरकारच्या दारी हाकाटी केली. सरकारने बिनविलायती कापडावरची जकात १९३२ च्या ऑगस्टात शेकडा ५० केली आणि १९३३ च्या जूनमध्ये शेकडा ७५ वर नेली. विलायती कापडावर मात्र शेकडा २५! जपानी गिरणीवाल्यांचा संघ चिडला व त्याने ठराव केला की, यापुढे हिंदुस्थानचा कापूस घ्यायचा नाही. राग कोणावर? मुंबईच्या गिरण्यांवर आणि दिल्लीच्या सरकारवर. आणि काठी कोणाच्या पाठीत बसली? वऱ्हाडच्या कुणब्याच्या. मंदीने भाव आधीच बसलेला होता, त्यात मोठे गिऱ्हाईक उठून गेले. शिवाय जपानी धोतर-लुगडे जकातीने महागले ते निराळेच. विकताना तोटा आणि नेसतानाही तोटा, असा तो व्यवहार होता.

आमच्या वाचकांत कोष्टी व साळी बंधूही आहेत. ते म्हणतील, जपानी कापड अडले हे चांगलेच झाले. त्याने आमचे माग बंद पाडले होते. त्यांचे म्हणणे खोटे नाही. एकाच गावात एका घरास जपान अन्नदाता आणि शेजारच्या घरास तोच वैरी, असे तेव्हा झाले होते. परंतु जकातीच्या भिंतीआड आसरा मिळाला तो गिरणीला. मागवाल्याला लागणाऱ्या परदेशी सुतावर १९२७ पासून वेगळी जकात होतीच, आणि भिंतीच्या आत बसलेली देशी गिरणी त्याला गिळायला मोकळी होती.

पुढे सप्टेंबर १९३३ पासून सिमल्याच्या थंड हवेत बोलणी सुरू झाली आणि जानेवारी १९३४ मध्ये दिल्लीस तडजोड ठरली. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस न्यावा व त्याच्या बदली ३२ कोटी ५० लाख वार कापड येथे विकावे. १५ लाख गाठी नेल्यास ४० कोटी वारांपर्यंत विकावे. जकातही ५० वर आली. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९३३ मध्ये, मुंबईच्या गिरणीवाल्यांतर्फे होमी मोदी यांनी लँकेशायरच्या गिरणीवाल्यांशी आपला निराळा करार करून घेतला. त्यात आमचा कापूस अधिक वापरण्याचे गोड बोलही होते. गिरणीवाल्याचा गिरणीवाल्याशी तह झाला, सरकारचा सरकाराशी तह झाला. ज्याच्या कापसाचे माप घालून हे सारे ठरले, तो मात्र बाजारात गाडीखाली धोतर पसरून भाव फुटण्याची वाट पाहत बसला होता.

जुलै १९४१ मध्ये इंग्रजांनी जपानचा व्यापार गोठवला, डिसेंबरात लढाई पेटली आणि ते गिऱ्हाईकही गेले.

आता अलीकडच्या बातमीकडे वळू. २०२५ साली जपानात तांदळाचा भाव एका वर्षात दुपटीवर गेला. पाच किलोच्या पिशवीला चार हजार येनांवर, म्हणजे आपले सुमारे अडीच हजार रुपये पडू लागले. २०२३ चा कडक उन्हाळा, त्याने बिघडलेले पीक, १९७० च्या सुमारापासून २०१८ पर्यंत तांदळाचा पेरा मुद्दाम कमी ठेवण्याचे सरकारी धोरण आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भूकंपाच्या इशाऱ्याने झालेली साठेबाजी, अशी त्याची कारणे सांगतात. लोक दुकानांपुढे रांगा लावून उभे असता शेतकी खात्याचे मंत्री ताकु एतो मे महिन्यात एका सभेत बोलून गेले की, मी स्वतः तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, माझे चाहते मला पुरून उरेल इतका देतात. तीन-चार दिवसांत त्यांस खुर्ची सोडावी लागली. आमच्याकडे शेतकऱ्याविषयी ह्याहून वाईट बोलून खुर्चीवर निवांत बसलेले किती, ते वाचकांनी आपल्याच बोटांवर मोजावे. आमची बोटे पुरत नाहीत.

त्यांच्या जागी आलेल्या शिंजिरो कोइझुमी यांनी सरकारी कोठारे उघडून स्वस्त तांदूळ बाजारात आणला. त्याच वर्षी इशिबा यांच्या सरकारने शेतकऱ्यांस सांगितले, जास्त पिकवा. ऑक्टोबरात सनाए ताकाइची ह्या जपानच्या पहिल्या स्त्री मुख्य प्रधान झाल्या आणि त्यांच्या शेतकी खात्याने सांगितले, खपेल तेवढेच पिकवा. तेव्हा जपानी शेतकरी फार सुखात आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथील शेतकऱ्याचे सरासरी वय सत्तरीला टेकले आहे, पोरे शहरात गेली आहेत आणि महाग तांदळाचा भार गिरणी-कारखान्यातल्या मजुरावर पडतो आहे. मालाला भाव मिळावा आणि खाणाराला तो परवडावा, हे कोडे जपानलाही सुटलेले नाही.

परंतु एक गोष्ट पाहा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी जकातीचा दंडुका उगारून जपानला बोलणीस बसविले. जपानने पुष्कळ दिले. ५५० अब्ज डॉलर अमेरिकेत गुंतविण्याचे कबूल केले, आपल्या मालावर शेकडा १५ जकात सोसली. तांदळाचा विषय निघाला तेव्हा जपानने अमेरिकेचा तांदूळ जास्त घेण्याचे मान्य केले, पण तो आधीच ठरलेल्या वर्षाच्या ७ लाख ७० हजार टनांच्या मापातच. माप वाढवले नाही. त्या मापाबाहेर येणाऱ्या तांदळावर किलोमागे ३४१ येन जकात आहे, तीही हलवली नाही. मोटारवाल्यांकरिता देश संकटात असताना तांदूळवाल्याच्या बांधाला हात लावला नाही. असे का झाले? तेथील शेतकरी थोडे आहेत, पण त्यांचे सहकारी संघ गावोगाव आहेत आणि निवडणुकीत ते एकगठ्ठा हिशेब मागतात.

तोच दंडुका पुढच्याच महिन्यात आपल्या देशावर आला. ७ ऑगस्टपासून शेकडा २५ आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५, अशी ५० जकात अमेरिकेने बसविली. ७ ऑगस्टलाच पंतप्रधानांनी दिल्लीत जाहीर सांगितले की, शेतकरी, मच्छीमार व दूधवाले यांच्या हिताशी तडजोड होणार नाही, त्याकरिता मोठी किंमत मोजावी लागली तरी चालेल. दूधवाल्याच्या बाबतीत हा शब्द त्यांनी राखला, हे आम्ही मोकळ्या मनाने लिहितो. परंतु कापूसवाल्याचे काय झाले? परदेशी कापसावर जी शेकडा ११ जकात होती, ती १९ ऑगस्टपासून माफ झाली. प्रथम मुदत ३० सप्टेंबरची होती. तेव्हा आमच्याकडे पऱ्हाटी नुसती बोंडावर असते, म्हणून लोकांनी फार मनावर घेतले नाही. मग महिना संपण्याआधीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर! राळेगाव-पांढरकवड्याकडचा कोणताही शेतकरी सांगेल की हेच वेचणीचे आणि विकण्याचे तीन महिने.

अमेरिकेच्या जकातीने तिरुपूरच्या कापडवाल्यांचे हाल झाले व तेथील शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय आला, हे आम्हांस दिसते. त्या आमच्याच घरच्या आहेत. त्यांस मदत करावी, भरपूर करावी, पण ती सरकारी तिजोरीतून करावी. ती कापूसवाल्याच्या गाडीतून उचलून देण्यास आमची हरकत आहे. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता आणि मध्यम धाग्याचा ७७१०; खाजगी व्यापारी त्याच्या पुष्कळ खाली मागत होते. हमीभावाने घेणारे कापूस निगम होते, पण तेथे मोबाईलवर आधी नाव नोंदवा आणि ओलावा बारा टक्क्यांवर नको, ही अट. अतिवृष्टीने भिजलेला कापूस बाराच्या आत यायला ऊन लागते, दिवस लागतात. ज्याच्या डोक्यावर खताच्या दुकानदाराचे आणि सावकाराचे देणे होते, त्याने दिवाळीपूर्वीच मिळेल त्या भावाने कापूस मोकळा केला. जकातमाफीची मुदत संपली तेव्हा त्याच्या घरात विकायला सरकीसुद्धा उरली नव्हती. ज्या जिल्ह्याचे नाव कर्जापायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांमुळे देशभर झाले, तेथे असे तीन महिने म्हणजे काय, हे लिहून सांगायला नको.

आमचे म्हणणे एवढेच की, कापसाच्या जकातीत फेरफार करायचा झाला तर तो पेरणीच्या आधी, मे महिन्यात जाहीर व्हावा. म्हणजे कापूस लावायचा की तूर, हे शेतकऱ्यास आपल्या अकलेने ठरवता येईल. बियाणे मातीत गेल्यावर आणि खताचे पैसे फिटायचे असताना नियम बदलू नये. आमदार-खासदार मते मागावयास दारी येतात तेव्हा त्यांस रस्ता, समाजमंदिर ह्यांबरोबर हेही विचारावे की, १९ ऑगस्ट २०२५ नंतर आपण सभागृहात कापसाबद्दल काय बोललात. तारीख लक्षात राहात नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून बैलगोठ्याच्या भिंतीवर लिहून घ्यावी. आणि पारावरचा तो शहाणा पुन्हा थट्टा करू लागला तर त्याच्या अंगातल्या सदऱ्याची बाही धरून विचारावे, की बाबा रे, हा कापूस कोणत्या शिवारातला?