दोनशे घोडे आणि घोडनदी

आमच्या दारात दोन वर्षांपूर्वी एक गाडी आली. जुनीच, म्हणजे दुसऱ्याने वापरलेली, पण आमच्यासाठी नवी. शेजारच्या काकूंनी ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मग मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, एवढे पैसे मोजले आणि गाडी बसकीच की! त्यापेक्षा उंच नाही का मिळाली?" सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि उतरताना दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "ओढा आता. विहिरीतून काढल्यासारखं काढावं लागतंय मला."

मुलगा मात्र हवेत होता. रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरी, चार वर्षं पै-पै साठवलेली, वर बँकेचं कर्ज. "आई, दिसायला साधी असली तरी आत दोनशेच्या वर घोडे आहेत," तो म्हणाला. आमच्या शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. मी म्हटलं, घोडनदीला घोड्यांचं काय कौतुक? त्यांच्या दाणावैरणीचं बघ आधी. (गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जाहिरात नको आणि उगाच दोषही नको.)

'स्पोर्ट्‌स सेदान' ही काय भानगड असते ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. चारचौघींच्या दारात असते तशीच डिकीवाली गाडी, पण आत दमदार इंजिन, कडक स्प्रिंगा, रुंद टायर आणि मोठे ब्रेक. मुलांना शाळेत सोडा, किराणा आणा, आणि मोकळा रस्ता मिळाला की पळवा. आपल्या साध्या छोट्या गाडीत साठ ते नव्वद हॉर्सपॉवर असते. २०२५ च्या ऑक्टोबरात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस पुन्हा भारतात आली, तिच्यात २६५. उभ्या जागेवरून ताशी शंभरचा वेग साडेसहा सेकंदांच्या आत! किंमत पन्नास लाखांच्या घरात, साऱ्या देशासाठी फक्त १०० गाड्या, आणि त्याही बाजारात येण्याआधीच बुक झालेल्या.

आपल्या तालुक्याला हे प्रकरण अगदीच परकं नाही बरं का. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातली लिनिया २००९ साली बाजारात आली आणि २०१० मध्ये तिचं टर्बो इंजिनाचं 'टी-जेट' रूप आलं, ११४ हॉर्सपॉवरचं. तेव्हा तेवढंही भारी वाटायचं. आता ती बनत नाही, पण एखाद्या गॅरेजात अजून उभी दिसते आणि मेकॅनिक तिच्याविषयी जुन्या शर्यतीच्या बैलाविषयी बोलावं तसं बोलतो. गाडी म्हणजे आपल्याकडे नुसतं वाहन नसतंच ना. २०१० मध्ये औरंगाबादकरांनी (आताचं छत्रपती संभाजीनगर) एकजुटीनं एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ते आठवत असेल.

पण मला सांगायचंय ते रोजचं. कारण मुलाची दर पंधरवड्याला रात्रपाळी असते, तो कंपनीच्या बसने जातो आणि गाडी माझ्या ताब्यात राहते. बचत गटांच्या कामासाठी मला न्हावरा, पारगाव, केडगाव, पाटस असं दौंडपर्यंत जावं लागतं. दौंड माझं माहेर, तेव्हा काम आणि माहेरपण एकाच पेट्रोलमध्ये होतं.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असावा. म्हणजे गाडी त्यावर अलगद चढावी आणि अलगद उतरावी. आमच्या वाटेवर मात्र ज्याच्या घरापुढे अपघात झाला त्याने रातोरात मुरूम-डांबर टाकून बांध घातलेला. त्यांचंही चुकत नाही, पोर गेलेल्या घराला मापं कोण शिकवणार? पण अशा बांधावर आमच्या गाडीचं पोट घासतं आणि तो आवाज थेट काळजात जातो. मग मी शिकले, बांध दिसला की गाडी तिरपी घ्यायची, एकेक चाक चढवायचं. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवतो, वाजवू दे. टायर कमी जाडीचे, त्यामुळे खड्डा नुसता दिसून चालत नाही, आधीच ओळखावा लागतो. गेल्या पावसाळ्यात पाण्यानं भरलेला एक ओळखता आला नाही आणि टायरला फुगा आला. एका टायरच्या पैशात माझ्या जुन्या गाडीचे तीन आले असते.

पुण्याला जायचं तर शिक्रापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली. तिथं दोनशे घोडे आणि उसाचा ट्रॅक्टर एकाच चालीनं चालतात. वाघोलीच्या कोंडीत लिटरला सात-आठ किलोमीटर पडलं तरी देवाची कृपा म्हणायची, आणि पेट्रोल तर २०२१ मध्येच शंभरी ओलांडून बसलंय. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ते आपल्याच उसातून येतं, उसाला पैसा होतो, हे मला मान्य. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मायलेज थोडं घटतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, "ऊस आपणच लावला, तक्रार कोणाकडे करायची?"

आणि तरीही खरं सांगते, मला ही गाडी आवडते. घरात हे कबूल केलेलं नाही, इथं करते. पाटसच्या पुढे सोलापूर रस्ता मोकळा मिळाला, पाय जरासा दाबला, की गाडी अशी उचलते की पाठ सीटला चिकटते. आवाज नाही, थरथर नाही. आयुष्यभर कोणाच्या तरी मागे बसून प्रवास केलेल्या बाईला त्यात काय सुख मिळतं ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. वय छेचाळीस, पण तेवढ्यापुरती मी सव्वीसची होते.

धोका नेमका तिथंच आहे. माझी जुनी गाडी ऐंशीला गेली की दारं थडथडायची, आरसा हलायचा. ती आपणहून सांगायची, बाई, बास झालं. ही सांगत नाही. एकदा सहज काट्याकडे नजर गेली तर एकशे अठरा! दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे कमाल मर्यादा १००, साध्या रस्त्यावर ७०. चलन मुलाच्या मोबाईलवर आलं आणि संध्याकाळी त्यानं मला ते वाचून दाखवलं. मी त्याला जे व्याख्यान द्यायचे ते मलाच ऐकावं लागलं.

ताशी शंभरला गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर पुढे जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. आता गळीत हंगामातली न्हावरा-केडगाव वाट डोळ्यांपुढे आणा. अंधार पडलेला, गुऱ्हाळाचा धूर रस्त्यावर उतरलेला, आणि पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना लाल पट्टी, ऊस बाहेर आलेला. दिसतो तेव्हा चाळीस मीटरवर असतो. तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत एक सेकंद गेलेला. गाडीचे ब्रेक कितीही चांगले असोत, तो सेकंद काही परत देत नाहीत. (आमच्या गटाच्या बायका दर हंगामात ट्रॉल्यांना लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवतात. दोन गावांत तरी.)

हे सगळं मी दौंडला वहिनीला सांगत होते, त्याला कारण घडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी मुक्कामाला असताना भाचा रात्री साडेअकराला माझ्या पर्समधली किल्ली काढून गाडी घेऊन गेला. वय साडेसतरा. मित्रांना 'एक राउंड' द्यायचा होता. पाऊण तासानं परत आला, काही झालं नाही. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण मी तो पाऊण तास ओट्यावर बसून काढलाय. रेल्वेची इंजिनं शिट्ट्या देत होती आणि मला प्रत्येक शिट्टी ॲम्ब्युलन्सची वाटत होती. भाऊ रात्रपाळीला, वहिनी म्हणत होती, "येईल हो, हुशार आहे, चालवतो छान. ट्रॅक्टर नाही का चालवत?"

तो आला आणि मी बोलणार तेवढ्यात वहिनीनंच त्याला पाठीशी घातलं. "ताई, यांच्या कानावर नका घालू. मुलगाच आहे, चुकतो."

मला एकदम कल्याणीनगर आठवलं. १९ मे २०२४ ची पहाट. पोर्शे टायकन, तीसुद्धा चार दारांची स्पोर्ट्‌स सेदानच, विजेवरची. चालवणारा सतरा वर्षांचा. मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर, एक मुलगा, एक मुलगी, जागीच संपले. दोघं मध्य प्रदेशातून पुण्याला नोकरीला आलेले. काही तासांत जामीन, आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध. देश खवळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि त्यात पोलिसांनी मुलाच्या आईलाही अटक केली. मुलाऐवजी तिचं रक्त दिलं गेलं असा तो आरोप. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण ती बातमी वाचताना मी पेपर खाली ठेवला होता. आई मुलासाठी रक्त देते असं आपण किती सहज म्हणतो.

वहिनीला मी कायदा सांगितला, कारण काळजाची भाषा तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आपल्याला ठाऊक नव्हतं, हे पालकाने किंवा मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे त्या रात्री काही झालं असतं तर गाडी ज्याच्या नावावर तो माझा मुलगा, आणि पाठीशी घालणारी वहिनी, दोघं अडकली असती. विम्याचंही तेच. लायसन्स नसलेला चालक असेल तर विमा कंपनी मृताच्या घरच्यांना भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. कर्जाच्या गाडीवर आणखी कर्ज!

दुसऱ्या बाजूची घरंही मी बघते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली आणि त्यात दहातली सात अतिवेगानं, ही सरकारचीच आकडेवारी. आमच्या गटातल्या एकीचा नवरा सायकलवरून दूध घालून येताना गेला. कोणत्या गाडीनं उडवलं ते आजतागायत कळलं नाही. बाई चार महिने घराबाहेर पडली नाही, मग आम्ही तिला घेऊन तहसीलला गेलो. गाडी सापडली नाही तर २०२२ च्या योजनेप्रमाणे वारसांना दोन लाख मिळतात, पूर्वी पंचवीस हजार होते. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर तहसील किंवा प्रांत कार्यालयात जरूर विचारा. कागद गोळा करताना ती मला एकदाच म्हणाली, "मारणारानं थांबायचं तरी होतं ताई. पाणी तरी पाजलं असतं."

हे ऐकल्यावर वहिनी गप्प झाली. भावाच्या कानावर तिनंच घातलं.

घरातले नियम त्यानंतर बदलले. किल्ली आता माझ्या तांदळाच्या डब्यात असते आणि तांदूळ फक्त मी काढते. मागं बसणाऱ्यालाही पट्टा, अगदी सासूबाईंनासुद्धा. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळच्या अपघातात गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. एवढी महाग गाडी, एअरबॅगा, सगळं असून. सासूबाई कुरकुरल्या, "विहिरीत उतरवता आणि वर बांधूनही ठेवता." पण आता स्वतःच मागतात, "माझा पट्टा कुठाय?"

भाचा दिवाळीनंतर अठराचा झाला. शिकाऊ लायसन्स काढलं, गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावला आणि शिकवायला कोण, तर आत्या. माझ्या जुन्या, दारं थडथडणाऱ्या गाडीवर. परवा पारगावच्या पुलावर समोरून ट्रॉली आली तर त्यानं न सांगता गाडी कडेला घेतली आणि ट्रॉली जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "आत्या, ती मोठी गाडी कधी देणार?"

मी म्हटलं, "आधी ही बंद न पाडता पाटसच्या चढावर घे."