खलनायकालाही एक चाल द्या!

आपल्या अंकासाठी येणाऱ्या गोष्टी मी गेली दोन वर्षं वाचतोय. (वाङ्मय मंडळात नाव दिल्याची शिक्षा, दुसरं काय!) त्यात एक प्रसंग ठरलेला. भांडण सुरू झालं की नायक तडातडा बोलतो, समोरचा निमूटपणे ऐकून घेतो, मान खाली घालतो आणि गोष्ट संपते. समोरचा माणूस भांडायला आलेलाच नसतो, तो हरायला आलेला असतो!

पण दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? माझी स्वतःची गोष्ट तशीच होती. गावाकडची सामाईक विहीर, रात्रीची लाईट आणि मोटारीच्या पाळीवरून दोन भावांत वाद. धाकटा काठी घेऊन येतो, थोरला ती हिसकावून घेतो, धाकटा पळून जातो. रूममेटने वाचली आणि शांतपणे विचारलं, "पिक्चर छान आहे. गाणं कुठे टाकणार?"

त्या रात्रीपासून माझं ठाम मत झालंय : संघर्षाचा प्रसंग लिहायच्या आधी तो टेबलावर खेळून बघावा. अक्षरशः. नकाशा, सोंगट्या, फासे घेऊन.

यात नवीन काही नाही. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइस्विट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. दोन बाजू लेखी हुकूम देत, पंच ते नकाशावर उतरवी, आणि चकमकीत नुकसान किती झालं ते फाशांवर ठरे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शत्रूचं जे नजरेस पडेल तेवढंच पंच प्रत्येकाला सांगे. याच युद्धखेळांच्या परंपरेतून पुढे १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात एकेक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो. वेबसीरिजमुळे हे नाव आता होस्टेलवरही बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

लेखकांनीही याचा उपयोग केलाय. १९८६ साली आलेली 'रेड स्टॉर्म रायझिंग' ही टॉम क्लॅन्सीची कादंबरी घ्या. तिच्यात त्याला मदत करणारा लॅरी बाँड हा नौदलात नोकरी केलेला आणि 'हार्पून' हा सागरी युद्धाचा खेळ बनवणारा माणूस. सोव्हिएत बॉम्बर विमानं विमानवाहू जहाजांच्या ताफ्यावर हल्ला करतात, तो प्रसंग त्यांनी आधी हार्पूनच्या नियमांनी खेळून पाहिला. कादंबरीत सोव्हिएत बाजू फसवी लक्ष्यं सोडते, अमेरिकी लढाऊ विमानं त्यांच्यामागे धावतात आणि खरा मारा वेगळ्याच दिशेने येतो. अमेरिकी लेखकाच्या पुस्तकात अमेरिकी ताफ्याला एवढा मार! शत्रूला स्वतःचं डोकं दिलं की असं होतं.

आता आमच्या रूमवर काय झालं ते सांगतो. जुन्या ड्रॉइंग शीटच्या पाठीमागे विहीर, स्टार्टरची पेटी, बांध, दोन घरं आणि पाऊलवाट काढली. कॅरमच्या सोंगट्या म्हणजे माणसं. मी थोरला भाऊ, रूममेट धाकटा आणि शेजारच्या रूममधला एक जण पंच. दोघांनी आपापल्या माणसाची चिठ्ठी लिहून पंचाकडे दिली. तीन ओळी : याला काय हवंय, याच्याकडे काय आहे, आणि हा काय वाट्टेल ते झालं तरी करणार नाही.

पहिली चाल धाकट्याची. मी काठीची वाट बघत बसलोय आणि रूममेट म्हणतो, "मी पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकतो आणि घरी जाऊन झोपतो."

"अरे, पण भांडण?"

"मला भांडण कशाला पाहिजे? मला पाणी पाहिजे. आता तूच येशील माझ्या दारात."

झालं! विहिरीवरचं भांडण एका चालीत त्याच्या ओसरीवर गेलं. ओसरीवर म्हातारी आई झोपलेली. ती जागी होणार का? पंच म्हणाला, दोन फाशांची बेरीज नऊ किंवा जास्त आली तर. छत्तीसपैकी दहा शक्यता. (एम-थ्री सोडून गणिताचा कुठेतरी उपयोग झाला!) दहा पडले. आई उठून बसली. आणि रूममेटच्या चिठ्ठीतली तिसरी ओळ निघाली : "आईसमोर दादाला उलट बोलणार नाही." मग दोन भाऊ कुजबुजत भांडले. काठीपेक्षा ते भयंकर होतं.

वाङ्मय मंडळाच्या सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "उद्या प्रेमपत्रही नाणेफेक करून लिहाल!" सरांचा मुद्दा अगदीच चूक नाही. फासे गोष्ट लिहीत नाहीत. फासे फक्त आपल्याला न सुचलेल्या ठिकाणी नेऊन सोडतात. तिथून पुढे माणसं काय बोलतील ते आपणच लिहायचं. पडलेलं दान खोटं वाटलं तर खुशाल फेकून द्या, पण खोटं का वाटलं याचं उत्तर आधी द्या. आणि चालींचा हिशेब गोष्टीत दिसता कामा नये. नाहीतर ती गोष्ट न राहता क्रिकेटची कॉमेंट्री होईल. पण 'समोरचा आता काय करेल' हे दुसऱ्या जित्याजागत्या माणसाला विचारणं, यात कसला आलाय साहित्यद्रोह?

एक गोष्ट सरांना सांगितली नाही, इथे सांगतो. ती विहीर आमचीच आहे. थोरला भाऊ म्हणजे माझे वडील. काकांशी आमच्या घरातलं कुणी चार वर्षं बोललेलं नाही. काकांना काय हवंय, ते काय कधीच करणार नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलोय. तरी गोष्टीत त्यांच्या हातात मी काठी दिली. त्यांची चिठ्ठी लिहिली ती त्यांना कधीही न पाहिलेल्या माझ्या रूममेटने. आणि ती बरोबर होती.

गोष्ट पुन्हा लिहायला घेतलीय. या वेळी काकांची चिठ्ठी मी लिहिणार आहे. दिवाळीत गावी गेल्यावर दोन प्रश्न त्यांनाच विचारावेत म्हणतो. बघू, जमतंय का!

तोवर पुढच्या अंकासाठी गोष्ट देणाऱ्यांना एकच विनंती. भांडण लिहिण्याआधी रूममेटला हाक मारा, त्याला खलनायक करा आणि पहिली चाल त्याला द्या. फासे नसतील तर आमच्या रूमवर आहेत. फक्त परत आणून द्या.